पायाळूचा पाय

"पाय देणार का न्हाई, तेवढं सांगा वस्ताद."

सातगोंडा तालमीच्या लाल मातीत पालथा पडून विचारत होता. बाबालाल वस्ताद मातीच्या हौद्याच्या काठावर बसून लिंबाची काडी चावत होते.

आमच्या शिरोळ भागात कुणाची पाठ धरली, उसण भरली, की लोक पायाळू माणूस शोधत येतात. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला. त्यानं पाठीवर पाय दिला की उसण उतरते, अशी समजूत. आमचे वस्ताद पायाळू. माणसं त्यांच्याकडे ओणवी यायची आणि ताठ होऊन जायची. खरं-खोटं मला विचारू नका, मी ती ताठ जाताना बघितलेली आहेत.

"उसण न्हाई ही," वस्ताद म्हणाले.

"मग काय हाय?"

"मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले?"

"कायतरी सायटिका म्हणाले."

"आणि?"

सातगोंडानं मातीत नाक खुपसलं.

"तू भिंतीवरचा सांगाडा बघत होतास. मी ऐकत होतो."

खरंच होतं ते. वस्ताद स्वतः त्याच्याबरोबर मिरजेला गेले होते. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. मणक्यातली गादी सरकून पायाची शीर दाबते आहे. ऑपरेशनची गरज नाही. झोपून राहू नका, हालतं राहा, पण जड वजन सध्या बंद. वाकायचं कसं ते नव्यानं शिका. दुखणं पायात किती खाली उतरतं तिकडे लक्ष ठेवा. पाऊल लुळं पडलं किंवा लघवीचं भान गेलं, तर असाल तसे निघून या.

सातगोंडानं त्यातलं "ऑपरेशनची गरज नाही" एवढंच घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी बैठका वाढवल्या. वर आम्हा तालमीतल्या पोरांनाच ऐकवलं, दुखण्याची रग जिरवतो म्हणून. आता अशा अकलेला काय म्हणायचं?

दुखणं काही जिरलं नाही. ते कमरेतून निघायचं, मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं आणि पायाच्या अंगठ्यात ठणका मारायचं. मोटरसायकलवर बसवेना. साधी शिंक आली तरी गडी भिंत धरायचा.

आणि उरूस तीन महिन्यांवर आला होता.

आमच्या तालमीपुढे एक काळा गोल दगड आहे. कुणी आणला, कधी आणला, ठाऊक नाही. गाव त्याला आज्जा म्हणतं. उरसाला जो आज्ज्याला खांद्यावर घेईल त्याच्या डोक्याला पटका बांधतात. गेली दोन वर्षं पटका सातगोंडाच्या डोक्याला होता, आणि पटका उतरला तरी डोक्यातून गेला नव्हता. यंदा खालच्या तालमीचा बिरू आज्ज्यावर नजर ठेवून होता.

"एकदा पाय द्या वस्ताद. उरसाला आज्जा उचलायचाय."

"न्हाई उचललास तर?"

"न्हाई उचलला तर..."

त्याचं तोंड मातीतच होतं.

"न्हाई उचलला तर मी कोण, वस्ताद?"

सातगोंडाचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. त्याला चिडवायला टपलेलो आम्ही, उगाच आपापले लंगोट झटकायला लागलो.

वस्तादांनी काडी थुंकली.

"ऊठ. पाया पड."

तो कसाबसा उठला आणि पाया पडला. म्हणजे नेहमी पडायचा तसा. कमरेत मोडून अर्धवट वाकायचं, वस्तादांच्या गुडघ्याकडे हात न्यायचा आणि उरकून टाकायचं. पण आज मध्येच कळ आली. हात तसाच हवेत राहिला.

"आई गं..."

"असाच पडतोस," वस्ताद म्हणाले. "माझ्या पाया असाच पडतोस आणि आज्ज्याच्या बी."

"आज्ज्याच्या कधी पडलो?"

"दगड उचलायला वाकतोस, ते दुसरं काय असतंय मर्दा?"

सातगोंडानं मान वळवून दारातनं आज्ज्याकडे बघितलं.

"आजपासून जोर बंद, बैठका बंद. दारातनं जो येईल त्याच्या पाया पडायचं."

"जो येईल त्याच्या?"

"जो येईल त्याच्या."

"मी?"

"तूच. बाकीच्यांना येतंय."

आम्ही फिसकन हसलो. वस्तादांनी नुसतं बघितलं.

"त्यापरास एकदा पाय द्या की. पायाळू हाय तुम्ही."

"मी हाय. तू न्हाईस. तुझी आई अजून सांगती, डोक्याकडनं आलास आणि डोकं मोठं म्हणून तिचा जीव खाल्लास. डोकं अजून तेवढंच हाय."

मग त्यांनी फावड्याचा दांडा काढून सातगोंडाच्या पाठीला उभा लावला. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही जागी दांडा टेकला पाहिजे. तसाच टेकलेला ठेवून ढुंगण मागं न्यायचं, गुडघे सोडायचे आणि दोन्ही हात समोरच्याच्या पावलांपर्यंत पोचवायचे. उठताना श्वास सोडायचा. दांडा सुटला तर तो नमस्कार धरायचा नाही.

बोलायला सोपं आहे. करून बघा.

पहिला आला तो दूध घालणारा तम्माण्णा. हातात किटली, आणि समोर गावचा मल्ल पावलांशी. तम्माण्णा मागं सरकला.

"काय रं? ग्रामपंचायतीला उभारलायस काय?"

सातगोंडाचे कान लाल झाले.

"दांडा सुटला," वस्ताद म्हणाले. "परत."

तम्माण्णाला दारातून बाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागलं.

असं सुरू झालं. जो येईल त्याच्या पाया. तालमीत नवीन आलेल्यांच्या, जुन्यांच्या, पाणीपट्टीच्या माणसाच्या. एकदा वस्तादांची शेळी आत आली. सातगोंडानं वस्तादांकडे बघितलं, वस्तादांनी शेळीकडे बघितलं. पडला बिचारा.

पहिले काही दिवस तो दात-ओठ खात वाकायचा. मग कधीतरी त्याचं ओठ खाणं थांबलं. कधी थांबलं ते त्यालाही कळलं नसेल, पण दांडा सुटायचा बंद झाला.

रोज सकाळी दुखण्याबद्दल वस्तादांचा एकच प्रश्न असायचा.

"कुठवर?"

"अंगठ्यापर्यंत."

"मग वजन न्हाई. चालून ये नदीपर्यंत."

काही दिवसांनी पुन्हा तेच.

"कुठवर?"

"आज घोट्यापर्यंत."

"चालून ये."

एके दिवशी तो म्हणाला, "पोटरीपर्यंत." वस्तादांनी रिकामं घमेलं त्याच्यापुढे टाकलं.

"उचल."

"हे? रिकामं?"

"पाया पडून उचल."

रिकामं घमेलं, मग मातीचं घमेलं, मग अर्धं पोतं. मोजमाप एकच. उचलल्यावर कळ खाली सरकली की वजन कमी करायचं. नाही सरकली तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त.

मध्येच एकदा त्याचा जुना किडा वळवळला. वस्ताद नमाजाला गेलेले बघून त्यानं भरलं पोतं झटक्यात छातीला लावलं. आम्ही नको नको म्हणतोय तोवर गडी पोतं सोडून खांबाला टेकला होता, घामानं भिजलेला.

वस्ताद आले.

"कुठवर?"

"पोटरीपर्यंत."

"बरं."

ते आत गेले आणि परत बाहेर आले.

"माझ्याशी खोटं बोल. मला चालतंय. तुझ्या पायाला काय सांगणार हाईस?"

सातगोंडा उठला. कुणी न सांगता कोपऱ्यातलं रिकामं घमेलं त्यानं पुढ्यात घेतलं आणि त्या घमेल्याच्या पाया पडला. मला वाटतं, सातगोंडा तालमीत खरा आला तो त्या दिवशी.

आणि मग ती सकाळ. तो आला तोच तोंड पाडून. डोळे भरलेले.

"संपलं वस्ताद. कंबर फुटतीया नुसती. रात्रभर डोळा न्हाई लागला."

"आणि पाय?"

"पायाचं काय घेऊन बसलाय? कंबर म्हणतोय मी, कंबर."

"पाय, लेका. पोटरी? मांडी?"

सातगोंडा थांबला. एक पाय हलवून बघितला. मग दुसरा...

"पायात... पायात काय न्हाई."

वस्ताद ताडकन उठले. आत जाऊन गुळाची ढेप घेऊन आले आणि फोडून सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. इकडे ह्याची कंबर फुटते आहे आणि तिकडे वस्ताद गूळ वाटताहेत. आम्हाला वाटलं, म्हातारा चळला.

"कंबर दुखतीया आणि तुम्ही गूळ वाटताय?" सातगोंडा म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले हुते, उतरलेलं दुखणं वर सरकलं की बरं होण्याची खूण. गाव उंडारत होतं, आता घरात आलंय. घरात आलेल्याशी बोलता येतंय. खा."

त्यानं गूळ खाल्ला. रडत रडत खाल्ला, पण खाल्ला.

त्यानंतर कमरेतली कळही कमी होत गेली आणि हळूहळू भरली पोती त्याच्या खांद्यावर यायला लागली. उरसाच्या दिवशी तालमीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी तापली होती. खालच्या तालमीचा बिरू पहिला उतरला. गडी रेड्यासारखा, खोटं कशाला बोलू. शड्डू ठोकला, कमरेत वाकला आणि आज्ज्याला हिसका दिला. आज्जा गुडघ्यापर्यंत आला. मग बिरूच्या तोंडातून एक आवाज निघाला, दगड धपकन खाली आणि बिरू तिथंच काटकोनात. दोघांनी धरून त्याला बाजूला नेला.

मग सातगोंडा.

शड्डू नाही, मिशीला ताव नाही. आज्ज्यापुढे उभा राहिला, पाय फाकवले, ढुंगण मागं, पाठ सरळ. फावड्याचा दांडा आम्हाला नसताना दिसत होता. खाली गेला, आज्ज्याला दोन्ही हातांनी कवळा घातला आणि वीतभर उचलला.

आणि परत खाली ठेवला.

शिट्ट्या सुटल्या. खालच्या तालमीची पोरं खिदळली. हलगी थांबली.

वस्ताद लांब खुर्चीवर बसले होते.

"कुठवर?"

सातगोंडानं मांडीवर हात ठेवला.

वस्तादांनी लिंबाची काडी तोंडात धरली.

गेल्या सालचा सातगोंडा असता तर एवढ्या शिट्ट्यांत नाक फुगवून त्यानं हिसका मारलाच असता, आणि आम्ही त्याला टेम्पोत घालून मिरजेला नेला असता. हा शांतपणे आज्ज्याभोवती चालला. श्वास घेतला. डावा पाय दगडाला भिडवला. सगळं गाव बघत असताना पुन्हा पाया पडला, आधीपेक्षा हळू.

वीतभर.

"कुठवर?"

हात गुंतलेले होते. त्यानं मान हलवली.

"घरातच हाय वस्ताद."

"मग आण त्येला वर."

आज्जा मांडीवर आला. मांडीवरून पोटाला, पोटावरून छातीला. सातगोंडाच्या मानेच्या शिरा टरारल्या, पण पाठ मोडली नाही. एक श्वास तो तसाच उभा राहिला. मग आज्जा खांद्यावर, आणि सातगोंडा ताठ.

हलगी अशी कडाडली की शेळी दावं तोडून पळाली. तम्माण्णा कुणाच्या तरी गळ्यात पडून नाचत होता. मी रडत होतो, सांगायला लाज कसली? जो माणूस शिंकेला भ्यायचा, तो आज्ज्याला खांद्यावर घेऊन उरसात उभा होता. आजवर सगळे आज्ज्याला खांद्यावरून मागे फेकून द्यायचे, सातगोंडाही द्यायचा. आज त्यानं तो उचलला तसाच, पाया पडत, जागेवर ठेवला.

मग तो वस्तादांकडे आला आणि त्यांच्या पावलांना दोन्ही हात लावले. पुरते लावले. वस्तादांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही...

मग पटका बांधायला घेतला.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारून दोघांनी बिरूला आणला. तो तसाच ओणवा.

"वस्ताद, उसण भरलीया. पाय द्या," बिरू म्हणाला आणि मातीत पालथा झाला.

"माझा कशाला?" वस्तादांनी पटक्याचा वेढा न थांबवता सातगोंडाकडे हनुवटी केली. "ह्येचा माग. पायाळू हाय ह्यो."

बिरूनं दुखत दुखत मान वर केली.

"ह्यो कुठला पायाळू? ह्येची आई सगळ्या गावाला सांगत असती, डोक्याकडनं आलाय म्हणून."

वस्तादांनी शेवटचा वेढा घट्ट केला आणि पटक्याचा शेमला सातगोंडाच्या पाठीवर सोडला.

"ते पहिल्या खेपेला."