मुक्या शनिवारची कबर

प्रवरेच्या काठी, नदी जिथे खडकांना वळसा घालते तिथे, बोरतळे नावाची ख्रिस्ती वस्ती होती. चाळीसेक उंबरे, कौलारू चर्च, त्याच्या मागे बाभळींची दफनभूमी. या चर्चच्या बाजूच्या खोलीत शांतवन महाराज राहत. महाराज दीक्षित पाळक नव्हते. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे एकोणतीस दिवस वस्तीची सुखदुःखे महाराजांच्या ओटीत. हातात एकतारी, अंगावर मांजरपाटाची बंडी, आणि मुखात ख्रिस्तप्रभूंचे नाव. शेजारच्या गावची माळकरी मंडळीसुद्धा त्यांच्या कीर्तनाला येऊन बसत आणि त्यांना महाराजच म्हणत.

महाराजांनी वस्तीला एक रीत लावून दिली होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या ठोक्याला चर्चच्या घंटेला कापड गुंडाळायचे, ते ईस्टरचा सूर्य उगवला की सोडायचे. मधल्या दिवसाला लोक मुका शनिवार म्हणत. त्या दिवशी दफनभूमीत कुदळ लावायची नाही, कोणतीही कबर बुजवायची नाही. महाराज म्हणत, "आज धनी स्वतः कबरीत आहेत. ते बाहेर येईपर्यंत आपण कोणावर माती लोटायची नाही." आणि ईस्टरच्या पहाटे सगळी वस्ती चर्चमध्ये न जाता आधी दफनभूमीत जमे. घराघराने आपल्या गेलेल्या माणसांची नावे मोठ्याने घ्यायची आणि प्रत्येक नावावर सर्वांनी म्हणायचे, "उठणार!"

या वस्तीत सगुणा पारखे नावाची तरुण विधवा होती. नवरा एलिया विहिरीचे काम करताना दरड कोसळून गेला, तेव्हा ती पोटुशी होती. पुढे मुलगी झाली, रूथ. सगळी तिला रुथी म्हणत. सगुणा चर्च झाडी, चुना विरवी, आणि ईस्टरच्या आधी साऱ्या कबरींना पांढरा हात देई. ज्यांचे कोणी मागे उरले नाही त्यांच्या कबरींना तर आधी.

शाळेचे हेडमास्तर दानिएल उजागरे हे वस्तीचे पंच. माणूस शिकलेला, सचोटीचा, पण विद्येचा ताठा मानेत होता. त्या वर्षी त्यांनी सगुणेला कबरी रंगवताना पाहिले आणि उभे राहून म्हणाले, "काय सगुणाबाई, भाडेकरू परत यायचेत वाटतं? घरं रंगवायला काढलीस!"

सोबतचे दोघे हसले. सगुणेने ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाली, "भाडेकरूच आहेत, मास्तर. एक दिवस घर सोडून उठायचेत. उठल्यावर म्हणायला नकोत, की मागच्यांनी साधा चुनासुद्धा लावला नाही."

मास्तर तसेच महाराजांकडे गेले. "महाराज, या बायकांना तुम्ही काय शिकवून ठेवलंय? प्रभूची शिकवण थोर आहे, मी रोज मुलांना सांगतो. शत्रूवर प्रीती करा, गरिबाला जेवू घाला. तेवढं पुरे की! कबर रिकामी झाली काय अन् न झाली काय, शिकवण थोडीच खोटी पडते?"

महाराज एकतारीची तार पिळत होते. म्हणाले, "मास्तर, शिकवणीने मी नीट वागेन, खरं आहे. पण एलिया गेला तेव्हा मी या पोरीला काय सांगायचं होतं? 'नीट वाग'? आणि ज्याने नीट वागायला शिकवलं, त्यालाच खिळे ठोकून मारलं; गोष्ट तिथेच संपली असेल, तर वाईटच जिंकलं म्हणायचं. प्रभू कबरीत राहिले असतील ना, तर ही एकतारी मी आज प्रवरेत सोडतो. आयुष्यभर खोटी दवंडी पिटली, एवढंच माझ्या नावावर उरेल."

"बोलणं गोड आहे," मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

शुक्रवारी घंटेला कापड गुंडाळले, आणि त्याच संध्याकाळी रुथीला ताप भरला. अकरा महिन्यांचे लेकरू. अंगावर पीत नव्हते, घशातून घरघर येत होती. शनिवारी सकाळी तिला झटका आला, डोळे फिरले, आणि मग ती एकदम शांत झाली. ज्यांनी तापलेले लेकरू मांडीवर घेतले आहे त्यांना माहीत आहे, रडण्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती या शांततेची.

पलीकडच्या गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर आला. त्याने नाकापुढे कापसाची वात धरली. वात हलली नाही. मनगट चाचपले, मान हलवली. "गेली, बाई. घटसर्प दिसतोय."

घटसर्प हे नाव ऐकताच अंगणातल्या बायांनी आपापली मुले पदराखाली ओढली. मास्तर पुढे आले. आवाजात आता थट्टा नव्हती, धाक होता. "सगुणा, वस्तीत आणखी तेरा लहान मुलं आहेत. ऊन बघ काय पडलंय. दुपारच्या आत माती द्यावी लागेल. मी खड्डा खणायला सांगतो."

सगुणा म्हणाली, "आज शनिवार आहे, मास्तर."

"रोग वार बघत नाही!"

"आज कुदळ लावत नाहीत."

"अगं, रीत माणसांसाठी, की माणसं रीतीसाठी?" असे म्हणून मास्तरांनी दोन गड्यांना पाठवलेच. थोड्याच वेळात बाभळींखालून कुदळीचा आवाज येऊ लागला. मुक्या शनिवारी तो आवाज बोरतळ्याने पहिल्यांदाच ऐकला.

सगुणेने लेकराला दुपट्यात घेतले आणि तडक महाराजांच्या दारात जाऊन उभी राहिली. मागोमाग मास्तर. महाराजांनी दोघांचे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, तुमची भीती खोटी नाही. चर्चची ओसरी घरांपासून लांब आहे. ही तिथे बसेल, मी तिच्याजवळ बसतो. कोणाचं लेकरू तिकडे फिरकू देऊ नका. पण उद्या सूर्य उगवेपर्यंत हिच्या हातातून हे मूल कोणी घेणार नाही."

"आणि सूर्य उगवल्यावर?"

महाराजांनी सगुणेकडे पाहिले. "सूर्य उगवल्यावर खड्डा आहेच."

मास्तर घड्याळाकडे बघत परतले. सगुणा ओसरीत खांबाला टेकून बसली. डावा हात लेकराखाली, उजवा तळवा रुथीच्या टाळूवर. जन्मल्यापासून ती रोज त्या टाळूवर तेल भरत आली होती. टाळू कशी उडते हे तिच्या तळव्याला पाठ होते. आता तिथे काही नव्हते. तरी तिने हात काढला नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "महाराज, उठेल का हो माझी?"

"उठेल, बाळ. प्रभू उठले ना, तशी त्यांची सगळी उठतील. ते पक्कं आहे. आज की शेवटच्या दिवशी, ते धन्याच्या हातात."

"मला आज पाहिजे."

महाराजांचे डोळे भरून आले. कोणाला रागे भरणे किंवा उपदेश करणे त्या वेळी सोपे गेले असते. ते एवढेच म्हणाले, "मग मागू या. मागायला कुठे बंदी आहे?"

आणि त्यांनी जमिनीला कपाळ टेकले, ते दिवस मावळला तरी उचलले नाही.

ईस्टरची पहाट झाली. बाया-माणसे पांढरी वस्त्रे नेसून दफनभूमीत आली. चुन्याने उजळलेल्या कबरींमध्ये तो दीड हाताचा खड्डा उघडा होता. काठावर ताज्या मातीचा ढीग. सगुणा लेकराला घेऊन त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तळवा अजून टाळूवरच.

नदीपलीकडे सूर्याची कड दिसली. घंटेचे कापड सुटले, पहिला टोल पडला, आणि महाराजांनी थकल्या गळ्याने हाक दिली, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" लोक म्हणाले.

मग नावे सुरू झाली. एकेक घर पुढे येई, नाव घेई, आणि "उठणार!" असा आवाज नदीपर्यंत जाई. सगुणेची पाळी आली.

"एलिया यशवंत पारखे."

"उठणार!"

आता दुसरे नाव घ्यायचे होते. सगुणा वाकून लेकराकडे पाहत होती. लोक वाट पाहू लागले. कोणाचा हुंदका फुटला. शेवटी मास्तरच जवळ येऊन हळू म्हणाले, "घे, सगुणा. नाव घे आणि दे इकडे. किती वेळ धरशील?"

"नाही घेत."

"असं करू नये, बाई..."

"टाळू उडतेय, मास्तर!"

"डोकं फिरलं बिचारीचं," मागून एक बाई पुटपुटली.

महाराज गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी रुथीच्या कपाळावर हात ठेवला, आणि झोपलेल्या नातीला उठवावे तसे म्हणाले, "रुथी, ऊठ माझी बाय. सकाळ झाली, धनी उठले."

लेकराचा ओठ हलला. छाती एकदा वर आली, खोकल्याची उबळ आली, घशात अडकलेला पांढुरका पापुद्रा दुपट्यावर पडला, आणि रुथी रडली! बारीक, घोगरे, रागावलेले, भुकेले रडणे. केवढी ही कृपा! त्या रडण्याहून गोड भजन बोरतळ्यात कधी झाले नसेल. सगुणा तिथेच मातीच्या ढिगावर बसली, आणि आदल्या दिवसापासून न आलेले रडू तिला आता आले.

"रडतेस काय, आधी पदराखाली घे तिला!" राहेल म्हातारी ओरडली, आणि रडता रडता सगळी वस्ती हसली.

मास्तर हसले नाहीत. ते उघड्या खड्ड्याकडे पाहत होते. "काल दुपारी," ते म्हणाले, "काल दुपारीच मी हिला..." आणि ते महाराजांच्या पायाशी कोसळले. "महाराज, मी शहाणा समजत होतो स्वतःला. आज पुनरुत्थान डोळ्यांनी पाहिलं."

महाराजांनी पाय मागे घेतले आणि त्यांना खांद्याला धरले. "नाही, मास्तर. ही धन्याची दया आहे, पुनरुत्थान याहून मोठं आहे. ही रुथी वाढेल, म्हातारी होईल, आणि एक दिवस इथेच येईल. प्रभू उठले ते पुन्हा न मरण्यासाठी. आज ही रडली नसती तरी घंटा वाजलीच असती, आणि या पोरीने जड हाताने का होईना, नाव घेतलंच असतं. प्रभूंच्या त्या एका रिकाम्या कबरीच्या भरवशावर तिने कालचा दिवस काढला. पाया पडायचंच तर तिच्या पडा."

मास्तर वळले. ज्या मानेला वाकण्याची सवय नव्हती ती सगुणेपुढे मातीपर्यंत वाकली. रुथी पीत होती; सगुणेने पदर सावरला आणि म्हणाली, "उठा हो, मास्तर. लेकराचं भलं चिंतलंत म्हणजे झालं."

मास्तर उठले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी तो ढीग खड्ड्यात लोटायला सुरुवात केली. पांढरे धोतर मातीने भरले. खड्डा बुजल्यावर ते गुडघ्यांवरच बसून राहिले आणि लहान आवाजात म्हणाले, "महाराज, माझी आई त्या कोपऱ्यात आहे. बावीस वर्षं मी इथे नुसता उभा राहत आलो, तिचं नाव कधी घेतलं नाही. म्हटलं, ऐकणारं कोण आहे? आता उशीर झाला का?"

"ती कुठे चालली आहे?" महाराज म्हणाले. "घ्या की."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ ओल्या मातीला टेकवले आणि मोठ्याने नाव घेतले, "मार्था शिमोन उजागरे."

साऱ्या वस्तीने श्वास घेतला, पण सगळ्यांच्या आधी उत्तर आले ते सगुणेचे, लेकराला छातीशी धरून दिलेले: "उठणार!"