गेनूनं वाकड्या खोलीत मुलगी पाहिली

हौसाक्काचं म्हणणं कुणी खरं मानलंच नाही. ती गावभर सांगून थकली, की बायांनो, माझा भाऊ वेडा नाही. त्याला सांगावं तेच तो करतो, आणि तीच तर पंचाईत आहे. बाया म्हणायच्या, "मग बरंच की. आमचे कुठं ऐकतात?"

तर बोरखळ गावातला हा भोळा गेनू. वय चौतीस. चार मुली बघून झाल्या, चारही घरांनी लांबूनच हात जोडले. ही पाचवी. ही हुकली की गेनू जन्मभर बिनलग्नाचा, हे हौसाक्काला स्वच्छ दिसत होतं.

मुलगी कांता. तिचा मामा डोंगरावरच्या एका म्युझियमच्या दारावर कामाला होता. तिथं सगळी फसवी चित्रं. मामा म्हणाला, "पाहण्याचा कार्यक्रम इथंच करू. मंडळींचं फिरणंही होईल."

दारातच जमिनीवर विहीर रंगवलेली. गेनू काठावर थांबला तो हलेना.

"आक्का, पडेन की."

"रंग आहे तो, गेन्या. इथं दिसतं ते नसतं. बेधडक पाय टाकायचा."

गेनूनं ध्यानात ठेवलं. पुढं फरशी पुसणारीची बादली होती, फिनेलच्या पाण्यानं भरलेली. गेनूनं बेधडक पाय टाकला. नवी विजार गुडघ्यापर्यंत पांढरी झाली.

"मेल्या, ती खरी बादली होती. आधी हात लावून बघावं, खरं आहे का खोटं."

"बरं आक्का."

पुढं भिंतीवर वाघ रंगवलेला, आणि वाघाखाली बाकावर कांताचे वडील, आबा, बसलेले. मिशा मोठ्या झुपकेदार. गेनूनं हात लावला. मग नीट ओढून पाहिलं.

"आक्का, ह्या खऱ्या आहेत."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाक्कानं गेनूला दंडाला धरून बाजूला नेलं. "माणसाला हात लावायचा नसतो. हात जोडायचे, आणि समोरचा हात खाली घेईपर्यंत आपण घ्यायचे नाहीत. मोठ्यांचा मान असतो."

पुढं आरशांची खोली. गेनूसमोर एक माणूस आला. गेनूनं हात जोडले, त्यानंही जोडले. आता आधी हात खाली कोण घेणार? मागं रांग लागली. लोक ओरडायला लागले.

"आक्का, माणूस फार मानाचा आहे. ऐकतच नाही. बिचाऱ्याची विजारपण ओली आहे."

"तो तूच आहेस रे! आपण हसलो की हसतो तो आरसा. त्याला पाठ दाखवायची आणि चालायला लागायचं."

गेनू बाहेर आला. समोरून कांता आली, हिरव्या साडीत. तिला बघून गेनू हसला. तीही हसली. गेनूनं लगेच पाठ दाखवली आणि चालायला लागला.

हौसाक्कानं कपाळावर हात मारला. कांता मात्र पदर तोंडाशी धरून हसत होती. हौसाक्का मनाशी म्हणाली, पोरगी चांगली आहे, अजून काही बिघडलेलं नाही.

शेवटी वाकडी खोली. बाहेरच्या भोकातून बघायचं. एका कोपऱ्यात उभं राहिलेलं माणूस बोटभर दिसतं, दुसऱ्या कोपऱ्यातलं आढ्याला टेकतं. मामानं कांताला आत उभं केलं. गेनूनं भोकाला डोळा लावला.

आबा मिशी चोळत म्हणाले, "कशी वाटली मुलगी?"

"चांगली आहे. पण हिला अजून शाळेत जाऊ द्या."

"अरे, कोपऱ्याचा दोष आहे तो," हौसाक्का दातओठ खात म्हणाली. तिनं पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात ठेवला. "ती आता त्या कोपऱ्यात जाईल. मोठी दिसेल तिच्या हातात नारळ दे आणि पसंत म्हण. नारळ दिला की ठरलं. बाकी एक शब्द बोलू नकोस."

कांता निघाली. पण तिला हसू आवरेना, ती मध्येच खाली बसली. तेवढ्यात तिची आजी, गुडघे दुखतात म्हणून, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन टेकली.

गेनूनं भोकातून पाहिलं. आढ्याला टेकलेली आजी. तो सरळ आत गेला, आजीच्या हातात नारळ दिला.

"पसंत."

आजीनं नारळ कानाशी हलवून बघितला. म्हणाली, "पाणी आहे."

आबा आत आले. "कांते, चल घरी. मामा, गाडी काढा." मग गेनूकडं वळले. "बाबा रे, सत्तर वर्षांच्या म्हातारीला मागणी घालायची अक्कल तुला दिली कुणी?"

गेनूला एकच शब्द बोलायची परवानगी होती, तो बोलून झाला होता. म्हणून त्यानं आक्काकडं पाहिलं. आक्का भिंतीकडं बघत होती.

"बोल की," आबा गरजले. "नाव सांग."

सांगितलं म्हणून गेनूनं सांगितलं.

"हौसाक्का."