ठकूआत्याचं सारवण

बोरजाई गावातली घरं गवतानं शाकारलेली होती, कौलं अजून चढायची होती, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका, आणि मधे बोलू नका, मला आधीच दम निघत नाहीये!

फार वर्षांपूर्वी या गावात ठकूआत्या होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी धाकट्या भावाकडं परतली आणि साऱ्या गावाची आत्या झाली. सारवावं तर तिनंच. लग्नघरचं पहिलं बोलावणं तिला असायचं, असं म्हणतात.

शाळा नदीपलीकडं. पाट्यासुद्धा तिथंच राहायच्या. पावसाळ्यात होडी बंद झाली की पोरं घरी, आणि परत गेली की डोकी कोरी! मग गुरुजी त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवायचे. आत्याची भाची हौसा अशीच सारखी मागं राहायची. शेवटी तिचा बाप केरबा वैतागला. "यंदा पण विसरली, तर शाळा बंद. गुरं राखील."

हौसा रडून रडून दमली. आत्यानं तिला जवळ घेतलं. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पोरीची शाळा सुटू द्यायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं. पावसाळा लागून होडी बंद झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सारवताना बोटांची नेहमीची नक्षी काढायची सोडून ती म्हणाली, "हौसे, इथं तुझ्या गुरुजींचं एखादं अक्षर काढ की. बघू दे मला."

हौसानं ओल्या जमिनीवर बोट फिरवलं.

"हे काय गं?"

"घ, आत्या. घराचा घ."

सकाळी आत्या पुन्हा त्याच अक्षरापाशी! "अगं बाई, विसरले की! परत सांग."

हौसा कपाळाला हात लावायची आणि परत सांगायची. रोज नवं अक्षर, रोज आत्याचं विसरणं. शेजारची पोरं हसायला आली, ती आत्याला शिकवायलाच बसली. मग काय विचारता! घराघरातून हाका यायला लागल्या, "आत्या, आमच्याकडं सारवायला या, पोरं खोळंबलीत!"

बघता बघता अक्षरांचे शब्द झाले. पण इथंच घोटाळा झाला. अक्षराला पाय लागलेला कुणालाच चालायचा नाही, आणि घरभर तर अक्षरंच अक्षरं! म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून सरकायची. पाहुणे दारातच पाणी पिऊन निघायचे. केरबा भुकेनं कावलेला शेतातून यायचा आणि उंबऱ्यावर अडायचा.

"आक्का, आता आत कसा येऊ?"

"पोरीला विचार कुठं काय लिहिलंय ते, आणि बघून पाय टाक!" आत्या चुलीपासून ओरडायची.

न विचारून करतो काय! भाकरी निवत होती ना. "इथं काय गं?" "पाट, बाबा." "आणि इथं?" "चूल." असं विचारत विचारत तो रोज ताटापर्यंत पोचायचा.

भादव्यात नदीला पूर आला. तसा पूर पुन्हा कुणी पाहिला नाही. सगळं गाव टेकडीवरच्या देवळात चढलं. "आत्या, माझी अक्षरं!" हौसानं हंबरडा फोडला. वरून सगळे बघतायत. पाणी गल्लीत शिरलं, अंगणं बुडाली, उंबऱ्याला लागलं... आणि थबकलं! आत डोकावलं, आणि आल्या वाटेनं मागं वळलं. पाण्यानंसुद्धा अक्षराला पाय लावला नाही, असं म्हणतात. मी तर मानते. तुम्ही नका मानू!

होडी सुरू झाली तसे गुरुजी स्वतःच धावत आले, पोरं धड आहेत का ते बघायला. आणि केरबाच्या दारात उभेच राहिले. "हौसा, हे तू लिहिलंस? वाच बघू."

हौसा वाचायला लागली. घर, पाट, चूल, एकामागून एक, कुठं अडखळणं नाही! एका शब्दापाशी जरा श्वास घ्यायला थांबली, तर मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "भाकर!"

सगळे वळून बघतात, तर केरबा! त्याचा तोच दचकला. मग डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, हिची शाळा चालू राहू दे."

गाव नुसतं नाचलं. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "मी मेली विसरले बाई, परत सांगा." जन्मभर, दर पोराला, ती हेच म्हणत राहिली. गेली त्या सकाळी तिनं आपली खोली सारवली होती. हौसा आत गेली, तर ओल्या जमिनीवर आत्याच्या बोटानं लिहिलेलं होतं, 'सगळं आठवतंय.'

आता बोरजाईत घरोघरी फरशी आहे. तरी चुलीच्या खोलीत हातभर जागा मातीची ठेवतात. पोर शाळेतून आलं की ती सारवतात, आणि पोर त्यावर दिवसाचं काहीतरी लिहितं. मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस, चार बुकं शिकलेलं का असेना, वाकून विचारतं, "हे काय गं?" आणि उत्तर ऐकलं की मिशाळ बाप्यासुद्धा म्हणतो, "विसरले बाई, परत सांग."

खोटं आहे हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. तरी ती परत सांगतात.