बिनगाठीचा नांगर

एका राज्यात एकदा गाठ म्हणून टिकेनाशी झाली. बांधा, आवळा, दातांनी ओढून घट्ट करा. हात काढला की गाठ आळोखेपिळोखे देत उठे आणि मोकळी होई. गवताचे भारे वाटेतच विखुरत. गाई दावं सोडून भलत्याच्या गोठ्यात जाऊन रवंथ करत बसत. दरबारात प्रधान, सेनापती, राजज्योतिषी, सगळे डाव्या हाताने धोतर धरून उभे राहत आणि उजव्या हाताने मुजरा करत. सेनापतीने एकदा सवयीने दोन्ही हातांनी तलवार उपसली; पुढे काय झालं ते राणीवशात अजून सांगतात.

पहिले आठ दिवस लोक हसले. नवव्या दिवशी कुंभारवाड्यात मूल जन्मलं आणि हसणं बंद झालं.

तुळसा सुईणीने नाळ कापून बांधली, गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. शेवटी तिने नाळ चिमटीत धरली आणि तशीच बसून राहिली, एक दिवस, एक रात्र. दुसऱ्या पहाटे तिचा डोळा लागला. तेवढ्यात व्हायचं ते झालं.

हे कशामुळे, ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. त्या राज्याची रीत अशी की श्रावणाच्या पुनवेला राजाने सोन्याचा नारळ समुद्राला द्यावा, मगच होड्या पाण्यात लोटाव्यात. दरसाल ढोल वाजत, राजा नारळ सोडी, लोक हात जोडत. आणि दरसाल, लोक घरी गेले की, राजा नारळाला बांधलेला रेशमी दोरा हळूच ओढून नारळ परत घेई. सात पिढ्या तोच एक नारळ समुद्राला दिला जात होता. यंदा मात्र दोरा कशात तरी अडकला. राजा शंखपालाने जोर लावून ओढला, तेव्हा नारळाबरोबर पांढऱ्या दाढीचे चार केस वर आले. ती दाढी होती जळजोग्याची. समुद्राच्या तळाशी राहणारा हा मांत्रिक सात पिढ्या निवांत झोपला होता. तो जागा झाला आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं पाण्याखालून एवढंच बोलला, "दिलेलं बांधून ठेवलंस. आता बांधलेलं काही राहणार नाही."

महिना झाला. मग एका सकाळी राजाच्या सज्ज्यावर एक पाणकावळा येऊन बसला, पंख पसरून वाळवू लागला आणि माणसासारखा बोलला.

"जळजोग्याचा निरोप आहे. तीन गोष्टी हव्यात. बिनगाठीची होडी. बिनगाठीचा नांगर. बिनगाठीचं दान. राजाने स्वतः यावं, भर समुद्रातल्या काळखडकाशी नांगर टाकावा, आणि वादळाचे तीन तडाखे संपेपर्यंत तिथेच उभं राहावं. पळालात तर शाप कायमचा."

"वादळ कुठलं?" राजाने विचारलं. आभाळ निरभ्र होतं.

"येईल की. आजच दुपारी," पाणकावळा म्हणाला.

दवंडी पिटली. राज्यातले झाडून सगळे तांडेल गोळा झाले. होडी हाकण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही असे हे लोक, पण नांगराच्या दोराला गाठ नाही म्हटल्यावर एकेकाला घरची कामं आठवू लागली. एकाची कंबर धरली. एकाला सासरवाडीचं बोलावणं आलं.

तेव्हा मागून एक बाई पुढे झाली. खाडीच्या तोंडाशी राहणारी पोवळी. नवरा समुद्राने नेला त्या दिवसापासून त्याची होडी तीच चालवी, आणि लोक तिला तांडेलीण म्हणत. तिच्या लुगड्याचा काष्टा एका हातात होता, दुसरा हात मोकळा.

"मी नेते," ती म्हणाली. "पण आत्ता, या घटकेला."

"एवढी घाई का, बाई?" प्रधान म्हणाला.

"माझ्या लेकीला, केतकीला, पहाटेपासून कळा येताहेत. तुळसा बसली आहे तिच्या उशाशी. कुंभारवाड्यात नाळ धरून बसली होती तीच तुळसा. अजून काही विचारायचंय?"

प्रधान वाट सोडून बाजूला झाला.

एक आख्खं आंब्याचं खोड कोरून केलेली जुनी होडी पोवळीच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला पडली होती. तिला ना शिवण ना खिळा. टोकाशी दोर अडकवायचा खुंट होता तोही त्याच खोडाचा. पहिली गोष्ट झाली. दुसरीसाठी तिने भोक असलेला मोठा दगडी नांगर घेतला आणि काथ्याचा लांबच लांब दोर त्या भोकातून ओवून दोन्ही टोकं होडीत परत आणली.

"आणि इकडे बांधायचं कसं?" राजाने विचारलं.

"बांधायचं नाही, महाराज. खुंटाला वेढे द्यायचे. दोर वेढ्यावर धरतो, गाठीवर नाही. शेपूट तेवढं माणसाने हातात ठेवायचं. होडीला हिसका बसला की वेढ्यातून थोडा दोर सोडायचा, मग पुन्हा धरायचं."

राजा ते वेढे फार लक्ष देऊन बघत राहिला. जरा जास्तच लक्ष देऊन.

काळखडकाशी पोचले तेव्हा सूर्य माथ्यावर होता. पोवळीने नांगर सोडला, दोर भरपूर सोडला, आणि खुंटाला चार वेढे दिले. राजाने सोन्याचा नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर धरला, डोळे मिटून मंत्र म्हटला आणि सोडला. मग शेला नीट पांघरून, उजवा हात आत घेऊन, तो होडीत बसला. पाणकावळा मागच्या कडेवर येऊन टेकला.

"झालं?" पोवळीने विचारलं.

"झालं," राजा म्हणाला.

"बघू," पाणकावळा म्हणाला.

आणि दुपारची संध्याकाळ झाली. संध्याकाळही नव्हे, कुणी तव्याच्या तळाची काजळी आभाळाला फासावी तसं झालं. वारा आधी थांबला. पाणी शिशासारखं जड झालं. ज्याने समुद्र पाहिलाय त्याला ठाऊक आहे, वाऱ्याची भीती वाटत नाही तेवढी या थांबण्याची वाटते.

पहिला तडाखा वाऱ्याचा. तो आला तो माणसं ओरडावीत तसा ओरडत आला. होडी मागे फेकली गेली, दोर तटकन ताणला गेला, खुंटातून धूर निघाला.

"आवळ!" राजा किंचाळला. "दोर आवळ, बाई!"

"आवळला की तुटेल!" तिने शेपूट सैल केलं. दोर वेढ्यातून करकरत सरकला, होडी दहा हात मागे गेली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. "महाराज, शेल्याची घडी करा आणि दोर कडेला घासतो तिथे पायाने दाबून धरा. आणि पाणी उपसा!"

"कशाने?"

"डोक्यावर काय आहे?"

राजाने मुकुट काढला. सात पिढ्यांचा मुकुट, पण पाणी बरं मावे त्यात. शेल्याची घडी त्याने पायाखाली धरली, उजवी मूठ मांडीखाली दडपली आणि डाव्या हाताने उपसू लागला. एकाच हाताने का, हे विचारायला पोवळीला सवड नव्हती.

दुसरा तडाखा आवाजाचा. वारा पडला, आणि त्या शांततेत किनाऱ्याकडून हाक आली. "आयेऽऽ! आये, ये गं!"

पोवळीने दोर आणखी घट्ट धरला. "मांत्रिकाचा खेळ आहे हा," ती स्वतःशीच म्हणाली. "खोटा आवाज आहे."

"खोटा नाही," पाणकावळा म्हणाला. त्याच्या आवाजात दया नव्हती, दुष्टपणाही नव्हता. "तुझी लेक आत्ता याच घटकेला ओरडते आहे. जळजोग्याने फक्त तो आवाज इथवर आणून दिला. दोर सोड, लाटेबरोबर घटकाभरात दारी पोचशील."

"आणि शाप?"

"शाप राहील."

"आये, मला भ्या वाटतं!" केतकी ओरडली. इतकी जवळून की पोवळीने मान वळवली. तिथे पाणीच होतं, काळं, वर-खाली होणारं.

मागून वारा घेऊन आडव्या लाटेवर पळालेली होडी तिने एकदा पाहिली होती. नवऱ्याचीच. ती किनाऱ्याकडेच पळाली होती; किनाऱ्याला लागली ती रिकामी. पोवळीने खालचा ओठ दातांत धरला, रक्ताची चव आली, तरी सोडला नाही. दोराचं शेपूट तिने दोन्ही तळहातांत धरलं आणि हाका ऐकत बसली. त्या किती वेळ आल्या ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. मग एक लांब किंकाळी आली, आणि तिच्यामागे बारीकसं रडणं. ताजं, ओलं, चिडकं.

"झालं मूल," पाणकावळा म्हणाला. "आता सुईणीची चिमूट."

तिसरा तडाखा पाण्याचा. काळखडकाच्या पलीकडे समुद्र उठून उभा राहिला. त्याच्या कण्यावर फेस नव्हता, पोट काचेसारखं हिरवं होतं, आणि आत मासे जागच्या जागी थरथरत होते. होडीने त्या लाटेवर चढायला हवं होतं. पोवळीने दोर सैल सोडला. पण होडीचं टोक वर येईना. मधूनच कुणी होडीला खाली ओढत होतं. उजवी कड पाण्याला टेकली.

पोवळीने वळून पाहिलं. राजाची उजवी मूठ मांडीखालून निघून पाण्याकडे ताठ झाली होती, आणि अंगठ्यापासून खाली, सरळ तळाकडे, एक रेशमी दोरा ताणलेला होता.

"महाराज!"

"गाठ नाही!" राजा ओरडला. "शपथ घेतो, गाठ नाही! नारळाच्या दोन डोळ्यांतून दोरा ओवला, दोन्ही टोकांचे अंगठ्याला वेढे दिले. तुझ्यासारखेच! वेढा म्हणजे गाठ नव्हे!"

"पंडित आहे," पाणकावळा म्हणाला आणि उडायच्या तयारीने पंख उघडले.

"सोडा तो!"

"सात पिढ्यांचा आहे, बाई. आजोबांनी राखला, वडिलांनी राखला. माझ्याच हातून गेला म्हणतील!"

"आणि माझ्या हातून नातवंड गेलं म्हणतील, त्याचं काय?"

एवढ्यात हिसका बसला. ओल्या दोराचे चारांपैकी दोन वेढे खुंटावरून उसळून निघाले आणि दोर सुसाट पळू लागला. पोवळीने दाबून धरला. तळहाताची सालं निघाली, दोर लाल होऊन जाऊ लागला. होडीच्या तळाशी गुंडाळलेला दोर संपत आला. वीस हात. पंधरा.

"मला एकटीला आवरत नाही," ती म्हणाली. आता ती ओरडली नाही. "दोन हात हवेत, महाराज. एकाने भागायचं नाही."

राजाने अंगठ्याकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. दहा हात. हिरवी भिंत डोक्यावर वाकली होती, आणि राजा शंखपाल, सांगायला काही लाज नाही, लहान पोरासारखा रडत होता. रडता रडताच त्याने अंगठा वाकवला आणि रेशमाचं एक टोक सोडलं. दोरा नारळाच्या डोळ्यांतून सर्रकन निघाला, नारळ खाली गेला, आणि राजा दोन्ही हातांनी दोरावर पडला.

दोघांनी मिळून धरला. तीन हात दोर उरला होता.

होडीचं टोक उठलं. लाटेच्या पोटावरून ती वर चढली, उभी, इतकी उभी की पोवळीला पायाखाली राजा आणि राजाच्या पायाखाली समुद्र दिसला. कण्यावर क्षणभर लोंबकळली, आणि पलीकडे धप्पकन उतरली. मागे लाट काळखडकावर फुटली. खडकाचा वरचा अर्धा भाग त्या दिवसापासून नाही. जाऊन बघा, नाही म्हणजे नाही.

मग पाणी सपाट झालं. पाण्याखालून एक म्हातारा चेहरा वर आला, सोन्याचा नारळ काखेत घेऊन. दाढीत चार केस कमी होते.

"मिळाला," जळजोगी म्हणाला. "सात पिढ्यांचं येणं होतं. जा आता." आणि जांभई देत खाली गेला.

"दोर बांधून बघ," पाणकावळा म्हणाला.

पोवळीने सोललेल्या हातांनी दोराच्या टोकाला गाठ मारली. हात काढला. गाठ तशीच राहिली. ती गाठीकडे फार वेळ बघत बसली नाही; दोराचं एक टोक सोडलं, नांगरातून दोर ओढून घेतला, दगड तिथेच ठेवला, आणि राजाच्या हाती वल्हं दिलं.

"मी वल्हवू?" राजा म्हणाला.

"माझे हात बघितलेत?"

राजा वल्हवू लागला. वाकडंतिकडं, पण जोरात.

किनाऱ्याला लागायच्या आत पोवळीने उडी टाकली आणि कमरेएवढ्या पाण्यातून धावली. घरात केतकी भिंतीला टेकून पडली होती, ओठ पांढरे, डोळे उघडे. तिच्याजवळ तुळसा सुईण बसली होती, नाळ चिमटीत धरून. तिची बोटं निळी पडली होती आणि डोळे ताणलेले होते. पापणी म्हणून लवू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"गाठ राहते आता," पोवळी म्हणाली. "दोरा दे."

दोरा कुठून असणार? महिनाभर त्या राज्यात दोरा कुणाच्या कामाचा नव्हता. सगळ्यांनी फेकून दिला होता. दारातून धापा टाकत राजा आत आला. डोक्यावर मुकुट नाही, एका हाताने धोतर धरलेलं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा लोंबत होता.

"हा चालेल?" त्याने विचारलं.

पोवळीने तो त्याच्या अंगठ्यावरून उलगडून घेतला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि नाळ बांधली. एक गाठ. वर दुसरी. तुळसाने चिमूट सोडली नाही. पोवळीने तिची बोटं एकेक करून उघडली, तेव्हा कुठे ती रडली. गाठ राहिली. बाळाने हातपाय झाडले, मुलगी होती, आणि सगळ्या राज्याला ऐकू जाईल एवढ्याने भोकाड पसरलं.

राजाने खाली बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं आणि महिनाभरानंतर पहिल्यांदा धोतर नीट बांधलं.

पुढच्या श्रावणात त्याने नवा नारळ केला, दोन्ही हातांनी सोडला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवले. पाणकावळा खडकाच्या उरलेल्या अर्ध्यावर बसून राजाचे अंगठे मोजत होता. गाई खुंटाला राहिल्या, भारे डोक्यावर राहिले, पाळणे आढ्याला राहिले. आणि आमची ही गोष्टही इथे बांधली. गाठ बसली की नाही, ते ज्याने त्याने ओढून बघावं.