डोळे मिटलेला साक्षीदार

“दहा हातांवर उभे होतात, आणि तुम्हालाच दिसलं नाही?”

दिनकरराव घोलप वकिलांनी कोर्टात विचारावं तसं विचारलं. समोर खिंडीतल्या भैरोबाच्या पायरीवर म्हातारे रायाजीबुवा बसले होते.

खून पन्नास वर्षांपूर्वीचा, पाटलाच्या भावाचा. आरोपी वकिलांचे वडील, केरबा. दोघांचं बांधावरून भांडण होतं.

वकिलांनी संस्थानच्या दप्तरखान्यात बसून सगळ्या जबान्या वाचल्या होत्या. विहिरीवरच्या बाईनं कुऱ्हाड पाहिली, टेकडीवरच्यानं कोयता. तिसऱ्याला मुंडासं दिसलं, त्या दोघांना उघडं डोकं. किती ठिकाणी विसंगती आहे ते त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. थोडी ऐटही होती त्यात.

“आनि जुळलं कशात?” बुवांनी विचारलं.

वकिलांचं मोजणारं बोट थांबलं.

“...नावात. केरबा घोलप.”

“व्हय.”

चौथा साक्षीदार होता धनगराचा रायाजी, सगळ्यांत जवळ उभा असलेला. त्याची जबानी एका ओळीची होती: मी भ्यालो, डोळे मिटले. त्या ओळीवर खटला ढासळला आणि केरबा फासावरून परत आला.

केरबाही आता नव्हता. मागच्या महिन्यात वकिलांची आई गेली. जाताना गूळखोबऱ्याची पुरचुंडी हातात देऊन एवढंच म्हणाली, खिंडीत जा, बुवांच्या पाया पड. वकील आले, पण पाया पडायचं बाजूला ठेवून उलटतपासणीलाच बसले. जित्याची खोड! त्यांना एकच हवं होतं. आपला बाप खुनी होता की नव्हता, ते.

“चढून आलायस. घसा वाळला आसंल,” बुवा म्हणाले. “डोळं मीट. ओंजळ कर.”

पावलं वाजली. ओंजळीत गार पाणी पडलं. वकील घटाघटा प्यायले.

“कुनी दिलं?”

“तुम्हीच. दुसरं कोण असणार इथं?”

“भैरोबाची आन?”

“आण.”

“उघीड डोळं.”

बुवा पायरीवरून हलले नव्हते. समोर तांब्या घेऊन वकिलांचा टांगेवाला येसू उभा होता. घोड्यासाठी पाणी बघायला तो वर आला होता, बुवांनी खुणेनंच त्याला बोलावलं होतं. तो गालातल्या गालात हसला आणि खाली निघून गेला.

वकिलांची मान खाली गेली.

“मलाबी पाटील हेच म्हनला,” बुवा सावकाश बोलले. “दुसरं कोन आसनार? म्हन केरबा.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात...”

पुढचं बुवांनी फार सांगितलं नाही. पाटलानं तीन दिवस उन्हात उभं केलं. गावानं भित्रा म्हणून तोंडात शेण घातलं. कुणी मुलगी दिली नाही. मग मेंढरं भावाला देऊन ते इथं वर आले.

वकिलांचा जन्म त्या खटल्यानंतर दोन वर्षांनी झाला होता. हिशेब सोपा होता, तरी तो आजवर त्यांच्या ध्यानात आला नव्हता. समोरच्या म्हाताऱ्यानं एक शब्द वाढवून सांगितला असता, तर आपण या जगात आलोच नसतो. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, ते त्यांना कळेना.

तरी जीभ राहिली नाही.

“बुवा... पण ते वडीलच होते की नव्हते?”

बुवांनी उलटच विचारलं.

“तुझ्या आयनं किती वरसं संसार केला त्येच्यासंगं?”

“चाळीस.”

“तिनं कदी इचारलं?”

“...नाही.”

“तुला काय सांगून धाडलं तिनं?”

“पाया पड म्हणाली.”

“मग ह्यो सवाल कुनाचा आनलास?”

वकिलांनी कोटाच्या खिशात हात घातला. आईनं दिलेली गूळखोबऱ्याची पुरचुंडी तिथं तशीच पडून होती. ती त्यांनी पायरीवर ठेवली आणि बुवांच्या धुळकट पावलांवर कपाळ टेकलं. बराच वेळ उचललं नाही.

बुवांनी पुरचुंडी सोडली. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“हं... आता पोचला तिचा निरोप.”