ओटीतलं बी

लग्नात आईनं माझ्या ओटीत नारळ-तांदळासोबत गावरान टोमॅटोचं बी घातलं होतं. सासरच्या परसात झाडं लगडली. थोडे टोमॅटो आम्ही विकायचो, थोडे आळीत वाटायचो.

एका सकाळी गावचे सर्जेराव पाटील गडी घेऊन आले. "बी माझ्या मळ्यातलं आहे. हिच्या माहेरच्यांनी चोरलंय. उपटा रे सगळं."

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. टोमॅटो घ्यायला आलेल्या बायका भिंतीला चिकटल्या. मी पदर सावरत म्हणाले, "तुमचंच असेल, आबा. मग माझी ओटी तुम्हीच भरलीत. माहेरचा माणूस लेकीची ओटी रिकामी करतो का?"

बायका पाटलांकडे बघत राहिल्या.

"राहू दे रे," पाटील पुटपुटले.

मी पाया पडले. त्यांना आशीर्वाद द्यावा लागला.