आजारी सरदाराचं कुरण

फार जुन्या काळी इंग्लंडात सर फुल्क नावाच्या मिजासखोर सरदाराने हाविसा नावाच्या विधवेचं कुरण बळकावलं. तिने राजाच्या न्यायालयात दाद मागितली. सुनावणीच्या दिवशी सरदाराऐवजी त्याचा माणूस आला आणि म्हणाला, "आमचे सरकार अंथरुणाला खिळलेत."

तिथला कायदा आजाऱ्यावर मोठा मेहेरबान होता. त्याला वर्षभराची मुदत मिळे. मात्र त्या मुदतीत तो अंथरूण सोडून बाहेर दिसला, की दावा हरला. सरदाराला वाटलं, वर्षभरात ही बाई थकून गप्प बसेल.

हाविसा न्यायाधीशांना म्हणाली, "माझी काही हरकत नाही, महाराज. त्यांना अगदी पूर्ण वर्ष विश्रांती द्या."

मुदत मिळाली. दुसऱ्याच सकाळी हाविसा सगळ्या गावाला घेऊन कुरणात शिरली आणि सरदाराच्या खिडकीखालीच गवत कापू लागली.

सरदार खिडकीतून ओरडला, "कुणाला विचारून कापतेस गं?"

"तुम्हालाच विचारणार होते, सरकार. पण आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा?"

त्याने नोकरांना हाका मारल्या, पण तेही गवतच कापत होते. मग मात्र सरदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी उगारून तो झोपायच्या सदऱ्यातच, अनवाणी, थेट कुरणात धावत आला. विळे थांबले. सगळं गाव त्याच्याकडे बघत राहिलं.

हाविसाने कपाळावरचा घाम पुसला.

"उतार पडला वाटतं! चला, न्यायाधीशांना ही आनंदाची बातमी देऊ या."